जुन्या मोटारीतील ‘शॉर्ट’: सेल्फ आणि डायनॅमोच्या वायरिंगमधील दोष कसा शोधावा?

वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव आणि त्याला लागून असलेल्या पुलगावच्या परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या छपराखाली किंवा अंगणातल्या कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली उष्मा त्याहून अधिक असतो. रबर आणि सुती वेष्टनाच्या जुन्या वायरी या उष्म्याने कडक होतात, वाकवताच त्यांना तडे जातात. त्यानंतर पावसाळ्याची दमट हवा येते आणि हंगाम घरात आला की उंदीरही येतात. वर्षातून चार-सहा वेळा बाहेर काढल्या जाणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला, अॅम्बेसिडरला किंवा जीपला इंजिनाच्या झिजेपेक्षा या तडकलेल्या वायरींचा धोका मोठा असतो.

या गाड्या आता बनत नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने तिचीच पुढची आवृत्ती बाहेर पडत असे. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावणारी शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. अॅम्बेसिडरचे उत्पादन उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली थांबले. त्यामुळे कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत गाडी नेण्याचा मार्ग उरलेला नाही. गावाकडच्या मालकाला वर्ध्याचा किंवा नागपूरचा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठावा लागतो आणि बंद पडलेली गाडी तिथवर ओढून न्यावी लागते. ‘कुठेतरी शॉर्ट आहे’ एवढीच तक्रार घेऊन गेल्यास सेल्फ, डायनॅमो आणि कटआऊट हे तिन्ही बदलून मिळतात आणि दोष बहुधा जागच्या जागी राहतो.

म्हणून प्रथम शब्दाचा अर्थ नेमका करणे अगत्याचे आहे. गॅरेजच्या भाषेत विजेचा कोणताही बिघाड ‘शॉर्ट’ ठरतो. वस्तुतः शॉर्ट म्हणजे विजेने दिवा, मोटार वा कॉइल यांना वगळून थेट बॉडीकडे जाणारी वाट शोधणे. वायर तुटणे हा वेगळा दोष आहे. तिथे प्रवाहच थांबतो. सैल किंवा गंजलेल्या जोडामुळे होणारा अडथळा हा तिसरा प्रकार आणि उभ्या गाडीत रात्रभर थोडीथोडी वीज झिरपत राहणे हा चौथा. चौघांचीही लक्षणे ‘सकाळी सेल्फ लागला नाही’ याच वाक्यात सांगितली जातात, मात्र त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत.

फ्यूज नसलेली वाट

सेल्फ आणि चार्जिंगच्या वायरिंगमधील शॉर्ट इतर शॉर्टपेक्षा गंभीर का, याचे उत्तर फ्यूजमध्ये आहे. हॉर्न किंवा वायपरच्या वायरीत शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो आणि प्रकरण तिथेच मिटते. बॅटरीपासून सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलला मात्र फ्यूज नसतो. लहान पेट्रोल इंजिन फिरविताना सेल्फ साधारणतः १०० ते २०० अँपिअर प्रवाह खेचतो, डिझेल इंजिनाचा सेल्फ त्याहून अधिक. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत फ्यूज बसविण्याची त्या काळी रीत नव्हती. सेल्फच्या सोलेनॉइडवरून कटआऊटकडे, अँपिअर मीटरकडे आणि इग्निशन स्विचकडे निघणारी मुख्य वायरही बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूजविनाच असते. मॉरिस घराण्यातील जुन्या गाड्यांत तर संपूर्ण गाडीला अवघे दोन फ्यूज असत.

सुस्थितीतील बॅटरीची दोन टोके थेट जुळली तर क्षणात कित्येकशे अँपिअर प्रवाह वाहतो. पाना बॅटरीच्या टर्मिनलला आणि बॉडीला एकाच वेळी टेकला तर तो तिथेच वेल्डिंग झाल्यासारखा चिकटू शकतो. पातळ वायरीतून असा प्रवाह गेला की तिचे वेष्टन वितळते, शेजारच्या वायरी उघड्या पडतात आणि कार्बोरेटरपासून हातभर अंतरावर आग लागते. हे सारे किल्ली बंद असतानाही घडू शकते, कारण ही वायर किल्लीच्या अलीकडची आहे.

दुरुस्तीची पहिली कृती म्हणूनच बॅटरी सोडविणे ही होय, आणि त्यातही क्रम पाळावा लागतो. बॉडीला जोडलेले टोक, म्हणजे अर्थ, आधी सोडवायचे आणि सर्वांत शेवटी जोडायचे. अर्थ सुटल्यावर दुसरे टोक सोडविताना पाना बॉडीला लागला तरी वाट पूर्ण होत नाही. बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नये आणि बिडी-सिगारेट तर दूरच ठेवावी.

कोणते टोक अर्थचे, हेही गृहीत धरू नये. फियाटमध्ये उणे टोक बॉडीला असते. मॉरिस घराण्यातील आरंभीच्या गाड्यांत मात्र अधिक टोक बॉडीला जोडलेले असे आणि पुढे अनेकांनी ते बदलून घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विलीज जीपची मूळ यंत्रणा बारा नव्हे, सहा व्होल्टची होती. बॅटरीवरील खुणा आणि केबल प्रत्यक्ष कुठे जाते हे पाहूनच पुढे जावे.

एका बल्बचे काम

शॉर्ट शोधण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन वायरी पुरेशा आहेत. सुटलेली अर्थ केबल आणि बॅटरीचे अर्थ टोक यांच्यामध्ये हा बल्ब जोडावा. आता गाडीत जाणारी सगळी वीज या बल्बातूनच जाईल आणि वायरिंगमध्ये पूर्ण शॉर्ट असला तरी ती पावणेदोन अँपिअरपेक्षा अधिक होणार नाही. एवढ्या प्रवाहाने कोणतीही वायर जळत नाही. फ्यूज नसलेल्या वाटेला तात्पुरता पहारेकरी बसविण्याचाच हा प्रकार आहे. सहा व्होल्टच्या गाडीसाठी बल्बही सहा व्होल्टचा घ्यावा.

किल्ली बंद, दिवे बंद, दारे बंद करून बल्बकडे पाहावे. तो पेटला नाही तर त्या स्थितीत शॉर्ट नाही. मंद पेटला तर काहीतरी चालू राहिले आहे किंवा वीज झिरपते आहे. लख्ख पेटला तर शॉर्ट आहे आणि तो किल्लीच्या अलीकडच्या वाटेवर आहे.

यापुढचे काम चिकाटीचे आहे. सोलेनॉइडच्या ज्या खिळ्यावर बॅटरीची केबल येते, त्याच खिळ्यावरून निघणाऱ्या इतर वायरी एकेक करून सोडवाव्यात. एखादी वायर सोडविताच बल्ब विझला तर दोष त्या शाखेत आहे. सगळ्या सोडविल्यावरही बल्ब पेटलेलाच असेल तर खुद्द बॅटरीची केबल कुठेतरी बॉडीला घासलेली आहे किंवा सोलेनॉइड आतून बिघडला आहे. दोषी शाखा सापडली की ती वायर पुन्हा जोडून पुढच्या टप्प्यावर जावे. कटआऊटवरची वायर काढून पाहावी, मग अँपिअर मीटरवरची, मग किल्लीमागची. प्रत्येक टप्प्यावर बल्ब सांगतो की दोष हाताच्या अलीकडे आहे की पलीकडे. शेवटी एखाद्या हाताचा तुकडा उरतो आणि तो डोळ्यांनी तपासता येतो.

बल्ब आधी पेटत नसेल आणि तरीही तक्रार खरी असेल, तर वायरिंगचा गठ्ठा हाताने हळूहळू हलवावा. फायरवॉलच्या छिद्रातील रबरी बूच, बॅटरीच्या ट्रेखालची कड, सायलेन्सरजवळून जाणारी केबल आणि सुकाणूच्या खांबाशी वळण घेणाऱ्या वायरी या चार जागी दोष वारंवार सापडतात. हलविताना बल्ब क्षणभर जरी चमकला तरी जागा कळली. उंदराने कुरतडलेली वायर बहुधा गठ्ठ्याच्या खालच्या बाजूस असते, वरून ती निर्दोष दिसते.

ल्यूकस पद्धतीच्या वायरिंगमध्ये रंगांचीही मदत होते. भारतात १९६१ पासून ल्यूकस-टीव्हीएसने हीच परंपरा पुढे नेली. तपकिरी वायर कायम जिवंत आणि फ्यूजविना असते. पांढरी किल्लीनंतरची, पण तीही फ्यूजविना. हिरवी किल्लीनंतरची आणि फ्यूजमधून आलेली. काळी अर्थची. तपकिरी-पिवळी डायनॅमोच्या ‘डी’ टोकाची आणि तपकिरी-हिरवी ‘एफ’ टोकाची. अर्थात पन्नास वर्षांत तीन-चार हात फिरलेल्या गाडीत मिस्त्रीच्या पेटीत जो रंग होता तोच लागलेला असण्याचा संभव मोठा, म्हणून रंगावर विसंबून पाना उचलू नये.

सेल्फ : शॉर्ट वाटणारे दोष

मल्टिमीटर आता स्वस्त झाला आहे आणि त्यामुळे एक नवी चूक रूढ झाली आहे. सेल्फचा मुख्य खिळा आणि त्याची बॉडी यांच्यामध्ये ओमची चाचणी घेतली असता मीटर जवळजवळ शून्य दाखवितो आणि ‘सेल्फ शॉर्ट आहे’ असा निकाल दिला जातो. हा निकाल चुकीचा आहे. सेल्फमधील फील्ड कॉइल आणि आर्मेचर जाड तांब्याचे असतात आणि कार्बनची एक जोडी बॉडीलाच जोडलेली असते. निरोगी सेल्फही शून्याच्या जवळच दिसतो. खरी चाचणी सेल्फ उघडून, कार्बन उचलून घ्यावी लागते. कार्बन वर असताना आर्मेचरचा दांडा आणि कम्युटेटर यांच्यामध्ये, तसेच फील्ड कॉइल आणि बॉडी यांच्यामध्ये वाट मिळता कामा नये. कॉइलचे वेढे आपसांत जुळले आहेत का हे साध्या मीटरला कळत नाही. त्यासाठी रिवाइंडिंगवाल्याकडचे ग्राउलर यंत्र लागते.

सोलेनॉइड वेगळा बसविलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. सोलेनॉइडपासून सेल्फपर्यंतची केबल किल्ली फिरविल्यावरच जिवंत होते, तेव्हा उभ्या गाडीतील बल्बच्या चाचणीत तिचा दोष दिसत नाही. तिची दोन्ही टोके सोडवून ती आणि बॉडी यांच्यामध्ये मीटरने वाट तपासावी.

शॉर्ट म्हणून येणाऱ्या तक्रारींत सर्वाधिक फसवी तक्रार अर्थ पट्टीची असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने अलग असते. दोघांना जोडण्यासाठी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. ती गंजली, तुटली किंवा इंजिन उतरविल्यानंतर बसवायची राहून गेली, तर सेल्फचा दीडशे अँपिअरचा प्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे चोकची केबल, अॅक्सिलरेटरची केबल किंवा क्लचची दोरी. सेल्फ मारताच डॅशबोर्डच्या मागून धूर येतो, चोकची मूठ हाताला चटका देते आणि सर्वांची खात्री पटते की डॅशबोर्डमध्ये शॉर्ट आहे. डॅशबोर्ड उघडला जातो, वायरिंग बदलले जाते, पुढच्या आठवड्यात पुन्हा धूर येतो. दोष असतो इंजिनाच्या खाली, लहानशा पट्टीत.

याची चाचणी अवघ्या मिनिटाची आहे. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थ खांबावर आणि दुसरे सेल्फच्या बॉडीवर धरावे आणि दुसऱ्या व्यक्तीने सेल्फ मारावा. मीटरने पाव व्होल्टच्या आसपास दाखविले तर ठीक, त्याहून बरेच अधिक दाखविले तर अर्थची वाट खराब आहे. तशीच चाचणी बॅटरीच्या जिवंत खांबापासून सेल्फच्या खिळ्यापर्यंत घ्यावी. तेथे अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते. १५० अँपिअरच्या वाटेवर एका ओमचा शंभरावा भाग इतका अडथळाही दीड व्होल्ट खाऊन टाकतो. ही चाचणी घेताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. पेचकसाने सोलेनॉइडचे दोन खिळे जोडून सेल्फ फिरविण्याची गॅरेजमधील सवय गिअरमध्ये असलेल्या गाडीखाली माणूस चिरडण्यास कारण होऊ शकते.

डायनॅमो आणि कटआऊट

चार्जिंगच्या वायरींत कोणती वायर बॉडीला लागली यावर लक्षण ठरते आणि हे समजले तर अर्धी शोधाशोध वाचते. ल्यूकस पद्धतीत डायनॅमोच्या मोठ्या टोकाला ‘डी’ आणि लहान टोकाला ‘एफ’ म्हणतात. ‘डी’ची वायर बॉडीला लागली तर डायनॅमो वीज उभारूच शकत नाही, चार्जिंगचा लाल दिवा इंजिन चालू असतानाही पेटून राहतो, पण कटआऊट उघडा असल्याने बॅटरी सुरक्षित राहते. ‘एफ’ची वायर बॉडीला लागली तरी चार्जिंग बंद पडते. ‘एफ’ आणि ‘डी’ एकमेकांना लागल्या तर उलटेच होते. रेग्युलेटरचा ताबा सुटतो, बॅटरी उकळते, दिव्यांचे बल्ब एकामागून एक जातात. कटआऊटच्या ‘ए’ टोकाकडून बॅटरीकडे जाणारी वायर लागली तर मात्र सरळ बॅटरीच पेटवणारी वाट तयार होते. शेवटचा प्रकार सोडून कोणत्याही प्रकारात आग लागण्यापूर्वी मालकाला सूचना मिळते, ती मनावर घेतली पाहिजे.

डायनॅमो स्वतः निर्दोष आहे का, हे गाडीवरच तपासता येते. बेल्ट घट्ट असल्याची खात्री करून ‘डी’ आणि ‘एफ’च्या दोन्ही वायरी डायनॅमोवरून काढाव्यात, दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने जोडावीत, ते टोक आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावावा आणि इंजिन मंद गतीपासून हळूहळू, मिनिटाला सुमारे हजार फेऱ्यांपर्यंत न्यावे. काटा सलगपणे वीस व्होल्टपर्यंत चढला तर डायनॅमो ठीक आहे आणि दोष वायरीत किंवा कटआऊटमध्ये आहे. काटा अजिबात हलला नाही तर कार्बन पाहावेत. अर्धा ते एक व्होल्ट मिळाला तर फील्ड कॉइल आणि चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचर संशयित ठरतो. या चाचणीत काटा वर न्यायच्या हव्यासापोटी इंजिन रेस करू नये, कारण रेग्युलेटर सुटलेला असल्याने व्होल्टेजला मर्यादा नसते. ही कृती ल्यूकस पद्धतीच्या डायनॅमोसाठी आहे. काही बॉश आणि अमेरिकन डायनॅमोंत फील्डची जोडणी उलट असते, तेथे त्या-त्या मेकची पुस्तिका पाहावी.

कटआऊट हे खरे म्हणजे एका दिशेने उघडणारे दार आहे. डायनॅमोचे व्होल्टेज तेरा व्होल्टच्या आसपास आले की त्याचे पॉइंट जुळतात आणि वीज बॅटरीकडे जाते. इंजिन मंदावले की ते उघडतात. हे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद होताच बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत शिरते. डायनॅमो मोटारीसारखा फिरू पाहतो, बेल्टमुळे फिरू शकत नाही आणि तापत जातो. अँपिअर मीटरचा काटा उणे बाजूला आदळलेला दिसतो. अशा वेळी किल्ली काढून उपयोग होत नाही. विनाविलंब बॅटरीची अर्थ केबल काढावी लागते. पॉइंट हाताने सोडवून गाडी पुन्हा चालविणे हा उपाय नव्हे. ते कशामुळे चिकटले, रेग्युलेटर जास्त चार्ज देत होता की वायरीत शॉर्ट होता, हे शोधल्याखेरीज नवा कटआऊटही फार दिवस टिकणार नाही.

बॅटरी उलटी लागली किंवा डायनॅमो उघडून पुन्हा बसविला तर त्यातील उरलेले चुंबकत्व उलटू किंवा नाहीसे होऊ शकते. ल्यूकस डायनॅमोत ‘एफ’ची वायर काढून त्या टोकाला बॅटरीच्या जिवंत टोकाची तार क्षणभर टेकवली की ते पूर्ववत होते.

ऑल्टरनेटर असलेल्या गाड्यांत कटआऊट नसतो, त्याचे काम डायोड करतात. बॅटरीकडून येणारी त्याची जाड वायर कायम जिवंत असते, म्हणून बॅटरी न सोडविता तेथे पाना लावू नये. बॅटरी उलटी जोडली तर डायोड तत्काळ जातात आणि चालत्या इंजिनावर बॅटरी काढण्याची जुनी ‘चाचणी’ही त्यांना मारक ठरते. चार्जिंग १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावे. त्या वेळी मीटर एसीवर ठेवून अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास डायोड बिघडल्याचा संशय घ्यावा.

रात्रीत उतरणारी बॅटरी

बल्बच्या चाचणीत न दिसणारी झिरप मिलिअँपिअर मोजून कळते. बॅटरीच्या अर्थ टोकाला मीटर बल्बच्याच जागी जोडावा, मात्र आधी बल्बने मोठा शॉर्ट नाही याची खात्री करून घ्यावी, अन्यथा मीटरचाच फ्यूज जाईल. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नये. इलेक्ट्रॉनिक उपकरणे नसलेल्या जुन्या गाडीत हा आकडा जवळपास शून्य असायला हवा. एक अँपिअरची झिरप ४० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी दोन दिवसांच्या आत रिकामी करते, तर ५० मिलिअँपिअरला त्यासाठी महिना लागतो. महिनाभर उभी राहणाऱ्या गाडीत दुसरा दोषही तितकाच महत्त्वाचा. भरलेल्या बॅटरीचे विश्रांतीतील व्होल्टेज साधारण १२.६ असते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. बॅटरीच्या झाकणावर साचलेला ओलसर आम्लाचा थर हीदेखील झिरपेची एक वाट आहे. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, झाकणे घट्ट लावून, पुसावा.

दोष सापडल्यावर चिकटपट्टी गुंडाळून काम भागविण्याचा मोह होतो. इंजिनाच्या उष्म्यात ती पट्टी एका उन्हाळ्यात सुटते. तडकलेला तुकडा कापून त्याच जाडीची किंवा अधिक जाडीची वायर लावावी, जोड दाबून वा झाळून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि पत्र्यातून जाताना रबरी बूच नवे घ्यावे. मूळ वायरिंगच्या गठ्ठ्यात पाच-सहा ठिकाणी तडे दिसले तर जोडकाम सोडून संपूर्ण गठ्ठा मूळ नमुन्याप्रमाणे नवा बांधून घेणे स्वस्त पडते. सोलेनॉइडवरून निघणाऱ्या मुख्य तपकिरी वायरीत, उगमाजवळच, योग्य क्षमतेचा मोठा फ्यूज आणि बॅटरीच्या अर्थ टोकाला हाताने फिरविण्याचा स्विच या दोन गोष्टी मात्र मूळ नसल्या तरी जरूर बसवाव्यात. दोन्ही काढून ठेवता येतात.

हा शेवटचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनेही गैरलागू नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. १९७४ साली नोंदलेल्या पद्मिनी २०२४ मध्ये या वयात आल्या. फ्यूज आणि स्विच यांनी गाडीच्या मूळ स्वरूपाला बाधा येत नाही. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसविण्याचा विचार असेल तर जुना डायनॅमो आणि कटआऊट भंगारात न देता गुंडाळून ठेवावेत.

काम संपल्यावर बॅटरी थेट न जोडता पुन्हा एकदा बल्बमधून जोडावी. तो विझलेला राहिला तरच अर्थ केबल लावावी, सेल्फ मारावा, सगळे दिवे लावून अर्धा तास इंजिन चालू ठेवावे आणि ते बंद करून लगेच प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन पाहावा. जो जोड हाताला गरम लागेल तो त्याच दिवशी उघडावा.